पिशवी काढली, पण डोक्याचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवड काढून वाचा. विषय बायकांचा आहे म्हणून पुरुषांनी अंगठ्याने वर ढकलून पुढे जाऊ नये. आई, बायको, बहीण, वहिनी, मावशी यांच्यापैकी कुणीतरी चाळिशी-पन्नाशीत असतंच घरात. आणि ‘हिचा स्वभाव हल्ली बदललाय’ हे वाक्य पुरुषांच्याच तोंडी जास्त असतं.

सुरुवात एका शब्दापासून करतो. गर्भाशयाला आपल्याकडे सरसकट ‘पिशवी’ म्हणतात. ‘तिची पिशवी काढली’, ‘पिशवीला सूज आहे’, ‘दोन पोरं झाली, आता पिशवी ठेवून करायचंय काय?’ उल्हासनगरच्या कॅम्पात असो, अंबरनाथच्या चाळीत असो की बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये, ही वाक्यं सारखीच. पिशवी म्हटलं की काय येतं डोळ्यांसमोर? भरायची, रिकामी करायची, जुनी झाली की टाकून द्यायची वस्तू. अर्धं नुकसान या शब्दानेच केलंय. कारण पिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशयं असतात, त्यांचं नाव कुणी घेत नाही. आणि इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं ते मुख्यतः तिथे. हे हार्मोन फक्त पाळी आणि गर्भापुरतं नाही, त्याचं काम मेंदूतही चालतं. ‘पिशवी’च्या गप्पांत हा मेंदू कुठेच नसतो.

आता बीडकडे चला. २०१९ सालच्या एप्रिलमध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या देशभर गाजल्या. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारनेच आकडा दिला, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक. यातल्या कितीतरी पस्तिशीच्या आतल्या होत्या. पंचविशी-तिशीतल्याही होत्या.

हे का झालं, ते ऊसतोडीचा हिशेब कळल्याशिवाय कळत नाही. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून उचल देतो. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसं दोन, हिशेबात नग एक. एक दिवस काम बुडालं तर खाडा धरतात, त्याचा दंड उचलीतून कापला जातो. पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी, ना आडोसा, ना संडास. कपडा धुवायचा कुठे, वाळवायचा कुठे? अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं, सूज. गावच्या खासगी दवाखान्यात गेलं की सोनोग्राफी आणि एक वाक्य, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी, पोरं विशीच्या आत, ऑपरेशनसाठी परत मुकादमाकडूनच कर्ज. पुढच्या हंगामात बाई पुन्हा फडात.

त्या वर्षीच्या बातम्यांत आकडे आले, मुकादम आले, डॉक्टर आले, राजकारण आलं. ते यायलाच हवं होतं. पण या बायका बोलताना अजून काही सांगत होत्या. झोप येत नाही, अंगातून वाफा निघतात, उगाच रडू येतं, चिडचिड होते, जगावंसं वाटत नाही. यावर चर्चा फार पुढे गेली नाही. ‘गरीब आहे, कर्ज आहे, म्हणून उदास आहे’ एवढ्यावर विषय मिटला. गरिबी होतीच, कर्ज होतंच. पण तिशीतल्या बाईची अंडाशयंही काढली, तर तिच्या शरीरातलं इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं. नैसर्गिक पाळी जाताना जे काही वर्षांत हळूहळू होतं, ते ऑपरेशन टेबलावर तासाभरात होतं. आणि अंडाशयं ठेवून नुसतं गर्भाशय काढलं तरी ती अंडाशयं इतर बायकांपेक्षा काही वर्षं आधी दमतात, असं अभ्यासांत दिसलंय. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशा बायकांचा कित्येक वर्षं माग ठेवला. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशयं काढलेल्यांत पुढे डिप्रेशन, चिंता आणि स्मरणशक्ती ढासळणं यांचा धोका वाढलेला निघाला.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, एकेकाळी डॉक्टर हेच ऑपरेशन डोकं ताळ्यावर आणण्यासाठी करायचे.

ऑगस्ट १८७२. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या रोम नावाच्या गावात रॉबर्ट बॅटी नावाच्या डॉक्टरने एका तरुण बाईची अंडाशयं काढली. तिला झटके येत होते, त्रास पाळीशी जोडलेला वाटत होता. बॅटीचा हिशेब साधा होता. पाळी बंद पाडली, म्हणजे बाईला वेळेआधी उतारवयात ढकललं, की त्रास थांबेल. ती बाई वाचली. मग ‘बॅटीचं ऑपरेशन’ म्हणून त्याची लाटच आली. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत आणि युरोपात हजारो बायकांची धडधाकट अंडाशयं काढली गेली. कारणं कोणती? झटके, वेड, ‘हिस्टेरिया’, नवऱ्याशी न पटणं. हिस्टेरिया हा शब्दच ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलाय. बाईचं डोकं बिघडलं की बिघाड ओटीपोटात शोधायचा, ही सवय दोन हजार वर्षांची. ऑपरेशनने कितीजणी मेल्या आणि ज्या जगल्या त्यांच्यातल्या कितीजणी आणखी खचल्या, हे कळायला लागल्यावर लाट ओसरली.

इथे आपल्या शेजारच्या गावाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ३१ मार्च १८६५ ला कल्याणात जन्मलेली यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई, १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकायला गेली, ती याच लाटेच्या काळात. चौदाव्या वर्षी बाळंत झाली, बाळ दहा दिवसांत गेलं, आणि तिथून डॉक्टर व्हायचं डोक्यात आलं. १८८६ मध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली, प्रबंधाचा विषय होता आपल्याकडचं प्राचीन प्रसूतीशास्त्र. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात वारली. वय २१. कल्याण स्टेशनवरून आपण रोज जातो-येतो. पण बाळ गेल्यानंतरचं चौदा वर्षांच्या मुलीचं मन काय असेल, याचा विचार तिच्या चरित्रात आपण दोन ओळींत उरकतो आणि बोटीत बसतो.

आता हार्मोनकडे येऊ. अंडाशय नेमकं करतं काय, हे बॅटीला माहीतच नव्हतं. १८९६ मध्ये व्हिएन्नाच्या एमिल क्नाउर याने प्राण्यांमध्ये अंडाशयाचं दुसरीकडे रोपण करून दाखवलं, की अंडाशय रक्तात काहीतरी सोडतं आणि शरीर त्यावर चालतं. १९२३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस इथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी डुकरिणींच्या अंडाशयातल्या द्रवातून ते ‘काहीतरी’ ओळखलं. १९२९ मध्ये डॉयझीने अमेरिकेत आणि बुटेनान्टने जर्मनीत ते शुद्ध रूपात वेगळं काढलं. नाव पडलं इस्ट्रोजेन. यातला ‘इस्ट्र’ ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ गोमाशी, आणि तिने चावल्यावर गुरं पिसाळतात तसं पिसाळणं. म्हणजे नाव ठेवतानाही वेड काही सुटलं नाही.

पुढे धंदा आला. गाभण घोडींच्या मुतापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी १९४२ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरचं पुस्तक गाजलं. त्याचं म्हणणं, पाळी जाणं हा आजार आहे, गोळी घ्या आणि कायम तरुण राहा. १९७५ मध्ये लक्षात आलं, की नुसतं इस्ट्रोजेन घेत राहिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. मग दुसरं हार्मोन जोडून गोळ्या द्यायला लागले. जुलै २००२ मध्ये सोळा हजारांवर बायकांवर चाललेली एक मोठी अमेरिकी चाचणी मध्येच थांबवली, कारण जोडगोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघात थोडे जास्त दिसले. जगभर डॉक्टरांनी आणि बायकांनी घाबरून गोळ्या टाकून दिल्या. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र मथळ्यात आलं नाही. पंचेचाळिशीतल्या बाईला जो नियम, तो ६३ वर्षांच्या बाईला नाही. आणि तिशीत अंडाशयं गमावलेल्या बाईला तर तो अजिबातच नाही. तिला, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं, असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. बीडच्या फडात हे कुणी पोचवायचं?

इस्ट्रोजेनचा आणि मनाचा संबंध कसा, हेही थोडक्यात सांगतो. मेंदूत ज्या भागांत झोप, शरीराचं तापमान, आठवण, भीती यांचा कारभार चालतो, तिथे या हार्मोनला ओळखणारी केंद्रं आहेत. मन स्थिर ठेवणाऱ्या सेरोटोनिनसारख्या रसायनांवर त्याचा हात फिरतो. पण ‘इस्ट्रोजेन कमी म्हणजे डिप्रेशन’ असं सरळ गणित नाही. कमी पातळीवरही लाखो बायका ठणठणीत असतात. त्रास होतो तो मुख्यतः चढउताराचा आणि अचानक पडण्याचा. तोही सगळ्यांना नाही, ज्यांचा मेंदू या बदलाला हळवा आहे त्यांना. पाळीच्या आधीचे काही दिवस, बाळंतपणानंतरचे पहिले दिवस आणि पाळी जाण्याच्या आसपासची चार-पाच वर्षं, ही तीन वळणं धोक्याची.

यातलं दुसरं वळण आपल्या आज्यांना बरोबर माहीत होतं, नाव वेगळं होतं एवढंच. ‘बाळंतवात झाला’, ‘बाहेरचं लागलं’ असं म्हणायचे. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, तिन्हीसांजेला बाहेर पाठवायचं नाही, पाचवीला सटवाई पुजायची, रात्र जागवायची. गरोदरपणात इस्ट्रोजेन नेहमीच्या जवळपास शंभर पटीपर्यंत चढतं आणि बाळंत झाल्यावर काही दिवसांत धाडकन खाली येतं. हजारात एक-दोन बायकांना याच पहिल्या दोन आठवड्यांत खरोखरचं वेड लागतं, भास होतात, बाळाला इजा करण्यापर्यंत जातं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांनीही या आजाराला वेगळं नाव दिलं होतं. सटवाईच्या पूजेने आजार बरा होत नाही, हे उघड आहे. पण त्या धाकापायी बाईजवळ कुणीतरी जागं असायचं. आता वन बीएचकेमध्ये नवरा पहाटेच्या लोकलने गेला की बाळंतीण आणि बाळ दिवसभर दोघंच.

बाळंतपणाचा हार्मोनचा उतार प्रत्येक आईला येतो, मग कोसळतात त्या कोण? याचं चांगलं उत्तर गोव्यात मिळालं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास करून २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर २३ टक्के आया डिप्रेशनमध्ये होत्या. आणि त्यात जास्त कोण? ज्यांच्या घरी हातातोंडाची गाठ नव्हती, नवऱ्याशी संबंध बिघडलेले होते, आणि ज्यांना मुलगा हवा असताना मुलगी झाली होती. म्हणजे हार्मोन सगळ्यांना ढकलतं, पण खड्डा खणून ठेवलेला असतो समाजाने. हे वाक्य मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते.

गाडी उलटीही जाते. मनावरच्या आघाताने इस्ट्रोजेनच बंद पडतं. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँगच्या स्टॅनली कॅम्पमध्ये जपान्यांनी डांबलेल्या बायकांची पाळी मोठ्या प्रमाणात थांबली होती, आणि १९४६ मध्ये त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. भीती आणि उपासमार यांनी मेंदू अंडाशयांना ‘थांबा’ असा निरोप देतो. कॅम्प म्हटलं की आपल्याला आपले कॅम्प एक ते पाच आठवतात. कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं, बरॅकी, ८ ऑगस्ट १९४९ ला झालेलं उल्हासनगर हे नामकरण. या शहराचा इतिहास आपण रेशन, बरॅक, कारखाना, जीन्स आणि ‘मेड इन यूएसए’च्या विनोदात सांगतो. घर, शेजार, कधीकधी पोटचं मूल मागे टाकून आलेल्या बायकांनी त्या बरॅकींत पापड लाटत संसार उभे केले. त्यांच्या शरीरावर आणि डोक्यावर काय बेतलं, ते त्या इतिहासात नाही. ज्या सिंधी घरांत अजून ती पिढी किंवा तिच्या मुली आहेत, त्यांनी विचारून लिहून ठेवावं असं मनापासून वाटतं.

तिसरं वळण चाळिशीनंतरचं. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी येते आणि पन्नाशीला जाते असं म्हटलंय. आज भारतात बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. आपल्याकडे याला म्हणतात, ‘मोकळी झाली.’ मोकळी कसली? त्याच वयात पोरांची दहावी-बारावी, सासू-सासऱ्यांची आजारपणं, नवऱ्याची नोकरी डळमळीत, घराचा हप्ता. पाळी जाण्याच्या काळात, आधी कधीही डिप्रेशन नसलेल्या बाईलाही ते होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं अमेरिकेतल्या पाहण्या सांगतात. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजाराचं दुसरं शिखरही बायकांमध्ये पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान दिसतं, पुरुषांत ते नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मनोविकारतज्ज्ञ जयश्री कुलकर्णी यांनी याच धाग्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या २००८ च्या चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत इस्ट्रोजेनची पट्टी लावलेल्या स्किझोफ्रेनियाच्या बायकांमध्ये भास-भ्रम जास्त कमी झाले. हे औषध उठून कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पण बाईचं मन तपासताना तिची पाळी विचारली पाहिजे, एवढं तर यातून पक्कं झालं.

आणि आपल्याकडे तेच विचारलं जात नाही. बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली तर ती झोपेचं बोलत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे ती जातच नाही, कारण ठाण्याचं नाव काढलं की लोक हसतात. १९०१ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव आपल्या जिल्ह्यात सव्वाशे वर्षं शिवी म्हणून वापरलं गेलंय. ‘ठाण्याला पाठवा हिला.’ म्हणून बाई आधी बाबाकडे, मग बुवाकडे, मग ‘अंगात येतं’ म्हणून देवळात. शेवटी एक दिवस पेपरात तीन ओळी, ‘आजारपणाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशात आत्महत्या केलेल्या गृहिणींचा आकडा २३,१७८ आहे. हे सगळं हार्मोनवर ढकलणं म्हणजे मारझोड करणाऱ्या नवऱ्याला आणि हुंडा मागणाऱ्या सासरला माफी देणं होईल. ते मला अजिबात म्हणायचं नाही. पण त्या ‘आजारपणा’त काय काय होतं, ते कुणी पाहिलं का, एवढाच प्रश्न आहे.

मराठीत यावर बोलायची किंमत मोजावी लागते, हाही इतिहास आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, वाचकांच्या शरीराबद्दलच्या शंकांना उघड उत्तरं दिली. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शरीराविषयी खरं सांगणं हा गुन्हा नाही, यासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, हे जयंतीच्या बॅनरवर सहसा येत नाही.

आणि न बोलण्याची किंमत कुणी मोजली? फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुली-बायकांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. कारण दिलं गेलं, की त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, देशभर वाद झाला. बीडमध्ये फडात पाणी नाही म्हणून पिशवी काढा, शिरूरमध्ये सांभाळायला माणसं नाहीत म्हणून पिशवी काढा. दोन्हीकडे कमतरता व्यवस्थेची आणि कापलं बाईला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कलम ९५ मध्ये स्पष्ट लिहिलं, की मानसिक आजारावर उपचार म्हणून बाईची किंवा पुरुषाची नसबंदी करता येणार नाही. बॅटीच्या ऑपरेशनपासून त्या कलमापर्यंत १४५ वर्षं गेली.

५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक ऑपरेशनांच्या प्रकरणात निकाल दिला. केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आणि पिशवीच्या ऑपरेशनांची नोंद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयोगटातल्या शंभरातल्या तीनांहून थोड्या जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली, आणि बहुतेक ऑपरेशनं खासगीत. म्हणजे हा प्रश्न एकट्या बीडचा नाही.

आता आपल्या पट्ट्याचं. उल्हासनगरात मध्यवर्ती रुग्णालय आहे. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं नवं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे स्त्रीरोग विभागही असणार, मनोविकार विभागही असणार. माझी मागणी फार मोठी नाही. आठवड्यातून एक दिवस हे दोन्ही विभाग एकाच ओपीडीत, शेजारीशेजारी बसवा. चाळिशीवरच्या, पिशवी काढलेल्या आणि नुकत्या बाळंत झालेल्या बायकांसाठी. केसपेपरवर दोन ओळी वाढवा, ‘झोप कशी आहे? जगावंसं वाटतं का?’ आशाताईंना या दोन प्रश्नांचं प्रशिक्षण द्या. आणि ठाणे जिल्ह्यात वर्षाला पिशवीची किती ऑपरेशनं होतात, त्यातल्या चाळिशीखालच्या किती, हा आकडा दरवर्षी जाहीर करा. आमच्या नगरसेवक, आमदार मंडळींनी फ्लेक्सवरून खाली उतरून एवढं विचारलं तरी पुष्कळ.

घरच्यांसाठी चार गोष्टी. कुणी पिशवी काढा म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. ‘अंडाशयं ठेवणार की काढणार?’ हा प्रश्न ऑपरेशनआधी तोंडाने विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. काढावीच लागली, तर पुढे हार्मोनचं, हाडांचं आणि झोपेचं काय, हे डिस्चार्जच्या आधी विचारा. आणि बाई रात्र रात्र जागी असेल, मरणाचं बोलत असेल, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बाईच्या दुःखाची दोन सोपी उत्तरं आजवर दिली गेली. एक, ‘हे सगळं हार्मोनचं आहे, गोळी घे.’ दुसरं, ‘हार्मोनबिर्मोन काही नाही, नाटकं आहेत.’ दीडशे वर्षांत दोन्ही उत्तरांनी बायकांचं नुकसान केलं. तिसरं उत्तर जरा कष्टाचं आहे. तिचं रक्तही तपासायचं, तिचं घरही पाहायचं आणि तिचं ऐकूनही घ्यायचं.

तुमच्या आसपास काय दिसतं, ते कमेंटमध्ये लिहा. कुणाचं नाव-गाव मात्र टाकू नका. पोस्ट शेअर करायला हरकत नाही, कापाकापी न करता करा.